साडेबाराची भूक

माझी भूक सांगलीत वाढलेली आहे. आमच्या घरी दुपारी साडेबाराला पाने मांडली जातात, आणि आजोबांपासून चालत आलेल्या या शिस्तीला पाहुणे किंवा क्रिकेटचा अंतिम सामना यांपैकी कशानेही आजवर धक्का लागलेला नाही. कृष्णेचे पाणी अंगणात शिरले त्या वर्षीसुद्धा आम्ही माडीवर बसून साडेबारालाच पिठले-भात जेवलो होतो. त्यामुळे पुण्यात स्पॅनिश शिकत असताना एका सत्रासाठी सालामांकाला जाण्याची संधी आली, तेव्हा मी व्हिसा, विमा, थंडीचे कपडे आणि अनियमित क्रियापदे या सगळ्यांची काळजी केली. भुकेची केली नाही. ती माझ्याबरोबर विनातिकीट आली आणि पाच महिने स्पेनभर माझ्या पुढेपुढे चालत राहिली.

सालामांकाचे विद्यापीठ १२१८ साली स्थापन झाले. त्याच्या जुन्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर इतके दाट कोरीवकाम आहे की, त्यात एका कवटीवर बसलेला चिमुकला बेडूक शोधण्याचा खेळ विद्यार्थ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. कोणाच्याही मदतीशिवाय ज्याला बेडूक दिसेल तो परीक्षेत उत्तीर्ण होतो, असे मानतात. पहिल्याच आठवड्यात मी मान वर करून त्या भिंतीसमोर उभा राहिलो. परंतु वेळ दुपारी सव्वाबाराची असल्यामुळे मला त्या दगडांत क्रमाने पोळी, भाकरी आणि वाटीच्या आकाराचे काहीतरी दिसले, आणि बेडूक शोधायचा राहिला.

ज्यांच्या घरी मी राहत होतो त्या बाई सकाळी कॉफी आणि चार बिस्किटे देत, दुपारचे जेवण अडीचला आणि रात्रीचे साडेनऊला. आईचा फोन भारतात रात्रीचे नऊ वाजले की येई, म्हणजे फेब्रुवारीत माझ्याकडे दुपारचे साडेचार. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "जेवलास का?" सुटीच्या दिवशी दुपारचे जेवण लांबले की मी खरे ते सांगत असे, "हो, आत्ताच हात धुतला." त्यावर पलीकडे जी शांतता पसरे, तीत मला सांगलीहून माद्रिदपर्यंत येणाऱ्या पहिल्या विमानाची चौकशी ऐकू येत असे. "साडेचारला? तुला उपाशी ठेवतात का रे तिथे?" घरात कोणी उपाशी ठेवत नव्हते. उपासमार व्हायची ती प्रवासात.

कारण असे की, स्पेनमधल्या उपाहारगृहाला दोन दरवाजे असतात. एक रस्त्यावरचा, जो दिवसभर उघडा असतो आणि ज्यातून आत जाऊन आपण आशेने खुर्ची ओढतो. दुसरा स्वयंपाकघराचा, जो दुपारी साधारण दीड-दोनला उघडतो, चारच्या सुमारास बंद होतो आणि रात्री साडेआठ-नऊच्या आधी पुन्हा उघडत नाही. मधल्या वेळात पेये मिळतात, ऑलिव्ह मिळतात आणि "ला कोथिना एस्ता थेर्रादा" हे वाक्य मिळते. स्वयंपाकघर बंद आहे, एवढाच त्याचा अर्थ. पुण्यातल्या आमच्या बाईंनी स्पेनच्या उच्चारातला हा 'थ' जीभ दातांना लावून लावून आमच्याकडून घोटून घेतला होता. तो इतक्या शुद्ध रूपात आणि इतक्या वेळा कानावर पडेल, याची कल्पना त्यांनी दिली नव्हती.

फेब्रुवारीत सेव्हिलला गेलो, तेव्हा पाच वाजले होते आणि तो 'थ' दोन ठिकाणी ऐकून झाला होता. त्या शहरात रस्त्यांच्या दोन्ही कडांना संत्र्याची झाडे आहेत, आणि त्या दिवसांत ती फळांनी लगडलेली असतात. स्पॅनिशमध्ये संत्र्याला नारान्खा म्हणतात. आपला 'नारंग' फारसी-अरबी वाटेने तिकडे पोहोचून त्याचे हे रूप झाले आहे. एवढे जवळचे नाते आहे म्हटल्यावर मी खाली पडलेले एक चांगले फळ उचलले, सोलले आणि निम्मे एकदम तोंडात घातले. ती कडू संत्री असतात, मुरंब्यासाठी वापरली जातात आणि रस्त्यावरची तर कोणीच खात नाही, हे मला नंतर सांगण्यात आले. बाकावर बसलेल्या दोन आजीबाई माझ्या चेहऱ्याकडे अतिशय समाधानाने पाहत होत्या. त्या हंगामात त्यांनी पाहिलेला तो पहिला पर्यटक नसावा.

मार्चमध्ये सेगोव्हियाला जाताना मात्र मी तयारीने निघालो. आईने सामानात कोंबलेल्या सांगलीच्या भडंगाची शेवटची पिशवी बरोबर घेतली. तिथला रोमन जलसेतू ग्रॅनाइटच्या हजारो दगडांचा आहे, सर्वांत उंच ठिकाणी तो सुमारे २८ मीटर भरतो, आणि दोन दगडांच्या मध्ये चुना किंवा कसलाही लेप नाही. केवळ एकमेकांच्या भाराने ते जवळजवळ दोन हजार वर्षे उभे आहेत. त्याच्या पायथ्याशी मी बरोबर साडेबाराला भडंगाची पिशवी उघडली. शेजारी टोपी घातलेले एक आजोबा उन्हाला बसले होते. त्यांनी हे काय म्हणून विचारले, तेव्हा माझ्याकडे भडंगाला स्पॅनिश शब्द नसल्यामुळे मी पिशवीच पुढे केली. त्यांनी दोन बोटांनी चार कुरमुरे आणि दुर्दैवाने एक लसणाची पाकळी उचलली, चघळली, थोडा वेळ जलसेतूकडे पाहिले आणि मग त्यांचे डोळे भरून आले. "पिका," एवढेच ते म्हणाले. तिखट आहे. मी पाण्याची बाटली दिली. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पुन्हा पिशवीत हात घातला, तेव्हा मात्र मला आनंदाबरोबर थोडी चिंताही वाटली, कारण पिशवी शेवटची होती.

दीड वाजता मी त्यांनीच दाखवलेल्या ठिकाणी जेवायला गेलो. फळ्यावर 'खुदिओनेस' लिहिले होते. पावट्याच्या कुळातले वाटणारे, पण अंगठ्याएवढे पांढरे दाणे. त्या भागाची ही खासियत आहे. माझ्या डोळ्यांसमोर डाळिंब्यांची उसळ उभी राहिली. तरी पूर्वानुभवाने शहाणा होऊन मी विचारले की, यात मांस नाही ना? वाढणारा माणूस दुखावला गेला. "मांस? छे, मुळीच नाही," तो म्हणाला. "फक्त थोडा चोरिथो आणि कान."

चोरिथो म्हणजे डुकराच्या मांसाचे सॉसेज. कान कोणाचा, हे मी विचारले नाही.

त्याने मला फसवले, असे मी म्हणणार नाही. तिकडे 'कार्ने', म्हणजे मांस, म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर मांसाचा मोठा तुकडाच येतो. हॅम हा त्यांच्या लेखी मसाला आहे आणि ट्यूना ही सॅलडमधली एक भाजी. मसुराची आमटी समजून मागवलेल्या वाडग्यातून मला सॉसेजच्या चकत्या मिळाल्या आहेत, आणि हिरव्या सॅलडवरचा मासा बाजूला काढून देऊन "आता शाकाहारी झाले" असे आश्वासनही मिळाले आहे. 'मी शाकाहारी आहे' हे पाठ्यपुस्तकातले वाक्य तिथे अपुरे पडते. मग उपनिषदांनी ब्रह्माचे वर्णन 'नेति नेति' असे केले, त्याच धर्तीवर मी माझ्या ताटाचे करू लागलो: मांस नको, मासा नको, हॅम नको, ट्यूना नको, चोरिथो नको, कान नको. एवढी सगळी नकारघंटा ऐकून झाल्यावर समोरचा माणूस विचार करून म्हणे, "मग तोर्तिया." अंडे आणि बटाट्याचे ते जाड थालीपीठ (आईने हे वाचू नये, पण अंडे मी पुण्यातच खाऊ लागलो होतो) पावात घालून कागदात गुंडाळून बरोबर नेता येते, आणि एप्रिलपासून माझा सगळा प्रवास त्याच्या भरवशावर झाला.

मे महिन्यात कोर्दोबाला ते पावासकट बसमध्ये विसरले. तिथल्या जुन्या मशिदीत, जिच्या मधोमध पुढे कॅथीड्रल उभारले गेले, साडेआठशेहून अधिक खांब आहेत, आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या त्या दुहेरी कमानींखाली मी खरोखर भूक विसरलो. बाहेर आलो तेव्हा साडेचार झाले होते. भूक परत आली, स्वयंपाकघरे मात्र मिटली होती. चार तास काढायचे होते, म्हणून नदीकाठी सावलीत बसून मी मोबाइलवर सूर्याचा हिशेब केला, आणि तो हिशेब करताना इतक्या दिवसांची माझी तक्रार माझ्याच हातून निकालात निघाली.

ग्रीनिचची रेषा स्पेनच्या पूर्व भागातून जाते आणि देशाचा बहुतेक भाग तिच्या पश्चिमेला आहे. तरीही १९४० साली पुढे केलेली घड्याळे त्यांनी पुन्हा मागे घेतलीच नाहीत, त्यामुळे ती जर्मनीबरोबर चालतात. त्यात उन्हाळ्याचा आणखी एक तास. परिणामी जूनमध्ये सालामांकात सूर्य डोक्यावर येतो तो सुमारे दोन वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी. आणि सांगलीत? आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या रेषेची, सांगली तिच्या पश्चिमेला आठ अंश, म्हणजे बत्तीस मिनिटे. सांगलीचा माध्यान्ह साडेबाराचा! आजोबा घड्याळ पाहून जेवत, असे आम्ही समजत होतो. ते सूर्य पाहून जेवत होते, आणि सालामांकातल्या बाईही तेच करत होत्या. दोघांची ओळख करून द्यायला हवी होती. हा शोध लागला तेव्हा सव्वापाच झाले होते आणि त्याने पोट भरले नाही.

साडेआठला स्वयंपाकघर उघडले, तेव्हा बाहेर अजून लख्ख ऊन होते. माझे सहा नकार ऐकून त्या मुलीने वांग्याचे काप आणून ठेवले. कुरकुरीत तळलेले, कडा तपकिरी, आणि वरून उसाच्या काकवीची धार. काकवी! कोर्दोबाच्या भर गल्लीत गुऱ्हाळाचा वास आला. मी दोन थाळ्या मागवल्या आणि दुसऱ्या थाळीची काकवी पावाने पुसून घेतली.

जूनअखेर घरी परतलो. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या जैन काकू स्पेनची हकीकत ऐकायला आल्या. त्या सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात सांगलीत त्यांची संध्याकाळची धावपळ मी लहानपणापासून पाहिलेली आहे. मी त्यांना सांगितले, "काकू, तिकडे जूनमध्ये सूर्य रात्री दहाला मावळतो. साडेनऊला निवांत जेवलात तरी नियम मोडत नाही." काकूंचा चेहरा उजळला. मुलाने बोलावले म्हणून त्या एकदा लंडनला जाऊन आल्या होत्या. आता हाही देश त्यांच्या मनात भरल्यासारखा दिसला. मग त्यांनी थोडा विचार केला.

"आणि थंडीत उजाडते कधी?"

"फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेआठला."

काकू सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे पाणीसुद्धा घेत नाहीत. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे पहिला चहा सव्वानऊनंतर?" त्या म्हणाल्या, आणि आईकडे वळून गवारीचा भाव विचारू लागल्या.