दलालांची कीव? तासगावच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की बालतस्करीच्या गुन्ह्यात किमान शिक्षा सगळ्या आरोपींना सरसकट लावू नये, न्यायाधीशांच्या हाती थोडी मोकळीक असावी. त्यावर तुम्ही लिहिलंत : हा दलालांची कीव करणारा लेख आहे. मोकळीक म्हणजे पैसेवाल्यांना पळवाट. कॅनडानं २०१० साली किमान शिक्षा आणली आणि आम्ही आहे तीसुद्धा काढायला निघालो. आणि शेवटी, ‘स्वतःच्या लेकीवर बेतलं असतं तर असं लिहिलं असतंत का?’ तुम्ही शाळेत शिकवता असंही लिहिलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पळवाटेचं तुमचं म्हणणं खरं आहे. २०१३ पूर्वी दंड विधानातलं कलम ३७० फक्त गुलाम म्हणून माणूस विकण्या-घेण्यापुरतं होतं. अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी विकलं तर ३७२ लागायचं. त्यात जास्तीत जास्त दहा वर्षं लिहिलेली, कमीत कमी काहीच नाही. मी बावीस वर्षं सत्र न्यायालयांत लघुलेखक होते. ‘पहिलाच गुन्हा, म्हातारे आईवडील, घरात एकटाच कमावता’ ही वाक्यं मी किती निकालपत्रांत टाइप केली असतील याची गणती नाही. दिल्लीतल्या २०१२ च्या बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनंतर २०१३ च्या दुरुस्तीनं ३७० मध्ये तस्करी आणि तिची किमान शिक्षा घातली आणि ते बंद केलं. आता दंड विधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत तेच ३७० कलम १४३ म्हणून आहे : एका मुलाची तस्करी केली तर किमान दहा वर्षं, एकापेक्षा जास्त मुलांची केली तर किमान चौदा, आणि त्याच गुन्ह्यात पुन्हा दोषी ठरला तर उरलेलं सगळं आयुष्य तुरुंगात. कॅनडाच्या त्या कायद्यातला किमान आकडा पाच वर्षांचा होता. आकड्यांत आपण मागे नाही, ताई.

बलात्काराच्या कलमातही पूर्वी ‘पुरेशी आणि विशेष कारणं’ लिहून किमानपेक्षा कमी शिक्षा देता यायची. त्या दारातून काय काय आत आलं आणि २०१३ मध्ये ते का बंद करावं लागलं, हे मला ठाऊक असूनही मी तसंच दार मागितलं. ती मागणी मागे घेते. मूळ लेखाखाली तशी नोंदही टाकली आहे.

पण ती मागणी मी का केली होती, तेवढं ऐका.

सीमेपलीकडची, कन्नड बोलणारी, पंधरा वर्षांची मुलगी. साक्षीला दुभाषी लागला होता. आरोपी दोन : तिला विकत घेऊन पुढे नेणारा दलाल आणि तिला त्याच्या हाती देणारी तिची सख्खी मावशी. आई गेल्यावर हिनंच तिला चार वर्षं सांभाळलेलं. सकाळपासून व्हरांड्यात मावशीची दोन लहान पोरं मुलीच्या शेजारी बसवून ठेवली होती. कुणी बसवली ते उघड होतं. तिला कुणी दम दिला नाही, पैसे दाखवले नाहीत. एवढंच सांगितलं की दहा वर्षं लागतील, त्याच्या खाली जजसाहेबांनाही येता येत नाही, या पोरांचं तू बघ.

सरतपासात, म्हणजे सरकारी वकील विचारत असताना, तिसऱ्या प्रश्नाला तिनं दुभाष्याला काहीतरी सांगितलं आणि त्यानं मराठीत म्हटलं, ‘मी या दोघांना ओळखत नाही.’ ते वाक्य माझ्या बोटांनी टाइप झालं. सरकारी वकिलांनी तिला फितूर घोषित करून घेतलं, उलटतपासाचा सोपस्कार झाला. मावशी सुटली आणि तिच्या पदराआडून दलालही सुटला. कायद्यात दहा वर्षं होती, पदरात शून्य पडलं. त्या रात्री मी जेवले नाही. तो लेख तिथून आला होता. दलालाच्या कीवेचा त्यात लवलेश नव्हता.

आता वाटतं, उपाय दुसरीकडे होता आणि कायद्यातच होता. मावशीला माफीचा साक्षीदार करता आलं असतं. तिनं दलालाविरुद्ध खरं सांगायचं, तिच्या दहा वर्षांचं ओझं मुलीच्या डोक्यावरून उतरायचं. किमान शिक्षेला हात न लावता. त्या खटल्यात तसा अर्जच आला नाही.

दुसरी गोष्ट कोर्टाच्या कितीतरी आधी, एफआयआर लिहिताना घडते. न्यायाधीशांची मोकळीक काढली म्हणून मोकळीक संपत नाही, ती ठाण्यावर जाते. समजा, ऊसतोडीच्या मुकादमानं बापाला उचल दिली आणि बदल्यात बारा वर्षांचा पोरगा एकटाच टोळीबरोबर आणला. ताबा असलेल्याला पैसे देऊन संमती मिळवणं आणि मुलाचं शारीरिक शोषण, दोन्ही कलम १४३ च्या व्याख्येत बसतं. म्हणजे किमान दहा वर्षं. पण नुसतं बालकामगार कायद्याचं कलम लावलं तर सहा महिने ते दोन वर्षं. वेठबिगारीच्या १९७६ च्या कायद्यात जास्तीत जास्त तीन वर्षं आणि दोन हजार दंड. मूल विकल्याचं बाल न्याय कायद्यातलं कलम ८१ लावलं तर पाच वर्षांपर्यंत, आणि रुग्णालयाचे लोक किंवा मुलाचा ताबा असलेले सोडले तर त्यात किमान काहीच नाही. पोरगा तोच, मुकादम तोच. दहा वर्षांचं कलम लावायला हात कचरतो, कारण ते टिकवायला पुरावा जास्त लागतो. फाशीची मागणी करणाऱ्यांनी याचाही विचार करावा. तो हात आणखीच कचरेल.

आणि वेळ. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशातल्या बालतस्करीच्या प्रकरणात आरोपींचे जामीन रद्द केले आणि देशभरातले असे प्रलंबित खटले सहा महिन्यांत संपवायला सांगितलं. माझ्या दृष्टीनं हे चौदाची वीस वर्षं करण्यापेक्षा मोठं काम आहे. पंधराव्या वर्षी सोडवलेली मुलगी एकोणिसाव्या वर्षी साक्षीला येते तेव्हा तिचं लग्न ठरलेलं असतं आणि सासरच्यांना यातलं काही माहीत नसतं.

माझ्या लेकीचं विचारलंत. ती सव्वीसची आहे. तिच्यावर बेतलं असतं तर दलालाला मीच सोडला नसता, हे लिहायला मला लाज वाटत नाही. पण व्हरांड्यात तिच्याजवळ बसायला मी असते. त्या मुलीजवळ मावशीची पोरं सोडून कुणी नव्हतं.

एक विनंती आहे. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की तुमच्याकडेही शिवारात टोळ्यांच्या खोप्या पडतात. त्यातली सगळी मुलं तस्करीची नसतात. बहुतेक आईबापाच्या कोयत्यामागून आलेली असतात, त्यांना शाळेत बसवून घ्या. पण एखादा पोरगा मोळ्या वाहताना दिसला तर मुकादमाला विचारा, याचे आईबाप कुठल्या खोपीत राहतात? उत्तर देताना तो घुटमळला तर १०९८ या बालमदत क्रमांकाला फोन करा. आणि पोलीस आले की कलम कोणतं लावलं तेही विचारा.