जायरोप्लेन म्हणजे ‘सोपं हेलिकॉप्टर’ नव्हे

जायरोप्लेनबद्दल एक मजकूर हातोहात फिरतोय: हे छोटं हेलिकॉप्टर आहे, ते कधी स्टॉल होत नाही (म्हणजे वेग घटून पंखांची उचल अचानक जात नाही) आणि विमान उडवणाऱ्याला तासाभरात जमतं. शिकायला येणारी मुलं हेच डोक्यात घेऊन येतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

हेलिकॉप्टर तर ते नाहीच. इथे इंजिन फक्त प्रोपेलर फिरवून यंत्राला पुढे ढकलतं. डोक्यावरची पाती खालून वर जाणाऱ्या हवेने फिरतात. जत्रेतलं भिरभिरं धरून पळावं, तशी. उड्डाणाआधी इंजिनाने पात्यांना सुरुवातीची गती देतात, पण हवेत तो जोड सुटलेला असतो.

स्टॉलची गोष्ट अर्धी खरी. स्पेनच्या ह्वान दे ला सिएर्वाचं मोठं विमान १९१९ मध्ये स्टॉल होऊन कोसळलं, त्यातूनच त्याने ही फिरत्या पात्यांची वाट शोधली आणि जानेवारी १९२३ मध्ये त्याचं ऑटोजायरो, म्हणजे जायरोप्लेनच, उडालं. पण पात्यांचा जीव त्यांना लटकलेल्या यंत्राच्या भारात असतो. विमानात मुरलेला हात वेग पडला की नियंत्रणाची काठी झटक्याने पुढे लोटतो. इथे तसं केलं तर भार उतरतो, पाती मंदावतात, आणि थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) पूर्ण उघडा असेल तर यंत्र नाकावर उलटू शकतं. तेव्हा इंजिन कितीही रेटा, पात्यांचे फेरे परत येत नाहीत. कमी वेगात नाक खाली घ्यायचंच, पण अलगद.

राहिला तासाभराचा दावा. काठीने रोटरचं, म्हणजे पात्यांच्या चक्राचं, डोकंच कलतं आणि खाली लटकलेलं यंत्र क्षणभर उशिरा मागे येतं. त्या क्षणात शिकणाऱ्याला वाटतं, काही झालंच नाही. तो आणखी ढकलतो. मग यंत्र जास्तच जातं, तो उलट खेचतो, आणि हेलकावे वाढत जातात. यावर उपाय एकच: थोडं हलवा, थांबा, बघा. हे हाताला तासाभरात कळत नाही.

म्हणून माझ्याकडे पहिले धडे धावपट्टीवरच होतात. काठी पोटाशी, थ्रॉटल हळूहळू. घाई केली तर पाती फडफडून शेपटीवर आदळू शकतात. फेरे वाढले की पुढचं चाक आपसूक उचलतं. मग काठी किंचित पुढे घेऊन ते वीतभर वर धरून ठेवायचं, उडायचं नाही. हा तोल सलग जमू लागला, की मगच चाकं जमीन सोडतात.