निबर मटार, लिबलिबीत फ्राइज आणि दुकानाचं लेबल: एका प्रतिक्रियेला उत्तर

माधुरीताई, नमस्कार.

सुपरमार्केटच्या स्वतःच्या लेबलचा फ्रोझन माल घरी वापरून बघायला हरकत नाही, या लेखावर तुम्ही चांगलंच झाडलं आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा मोठ्या कंपन्यांनी नाकारलेला गाळ असतो, मटार वीस मिनिटं शिजवूनही सालीला चिवट आणि आत पिठूळ राहिले, फ्राइज लिबलिबीत झाले, पराठा चामड्यासारखा, कोळंबीत अर्धं पाणीच, आणि सगळ्यात प्रिझर्व्हेटिव्ह. तेव्हा एकेक घेऊ.

आधी ‘गाळ’ हा शब्द. पाकिटाच्या मागे दोन नावं असतात, उत्पादक कोण आणि विकणारा कोण. दोघांचे एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, चौदा आकडी परवाना क्रमांकही असतात. उत्पादकाचा क्रमांक प्राधिकरणाच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर टाकला की कारखाना कळतो. तोच क्रमांक एखाद्या नावाजलेल्या ब्रँडच्या पाकिटावर दिसला तर आश्चर्य वाटून घेऊ नका, एकाच कारखान्यात अनेकांचा माल भरला जातो. पण कारखाना एक म्हणजे माल एक, असं मात्र नाही. दाणा किती कोवळा हवा, फ्राइजचा तुकडा किती लांब हवा, फुटका माल किती चालेल, हे खरेदी करणारा ठरवतो आणि त्यावर भाव ठरतो. म्हणजे तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे: प्रत खालची असू शकते. पण खालची प्रत म्हणजे खराब माल नव्हे, आणि तिचा फटका प्रत्येक पदार्थाला सारखा बसत नाही.

मटारला तो सगळ्यात जास्त बसतो. शेंग वेलावर चार दिवस जास्त राहिली की दाण्यातल्या साखरेचं पीठ होत जातं आणि साल जाड होते. असा निबर दाणा गोठवला काय नि ताजा शिजवला काय, पिठूळच लागणार. घरी तपासायची सोपी रीत आहे. अर्धा लिटर पाण्यात 75 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. वीस-पंचवीस मटार साध्या पाण्यात सैल करून त्यांची सालं काढा, कारण सालीखाली हवा अडकली तर निबर दाणाही तरंगतो. मग दाणे मिठाच्या पाण्यात सोडा. कोवळे बहुतेक तरंगतात, पीठ भरलेले जड दाणे लगेच तळ गाठतात. पाऊणहून जास्त बुडाले तर ते पाकीट मटार करंजीला किंवा पुलावाला वापरू नका. उसळीला, पॅटिसच्या सारणाला, वाटून करायच्या आमटीला खुशाल वापरा, तिथे पिठूळपणा उलट कामाला येतो.

आता तुमची वीस मिनिटं. फ्रोझन मटार गोठवण्याआधी उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून दीडेक मिनिट काढलेले असतात. तसं केलं नाही तर दाण्यातली एन्झाइमं थंडीतही हळूहळू काम करत राहतात आणि दोन-तीन महिन्यांत गवतासारखा वास येतो. अर्धवट शिजलेला कोवळा दाणा रश्श्यात चार मिनिटांत होतो. वीस मिनिटांत त्याचा रंग जातो आणि साल सुटते. निबर दाण्याची गोष्ट वेगळी. तुम्ही तो टोमॅटोच्या रश्श्यात टाकलात, आणि आंबटात साल मऊ व्हायला फार वेळ लागतो. असे दाणे आधी साध्या पाण्यात, चिमूटभर साखर घालून, झाकून सहा-सात मिनिटं शिजवा. टोमॅटो नंतर. कोवळ्यांना मात्र कुकर दाखवूच नका.

प्रिझर्व्हेटिव्हचं उत्तर पाकिटावरच आहे. साध्या मटाराच्या घटकांत बहुधा ‘मटार’ एवढंच लिहिलेलं असतं. उणे 18 अंशांना जिवाणू वाढत नाहीत, त्यामुळे वेगळं काही घालायची गरज पडत नाही. मिश्र पदार्थांत आयएनएस क्रमांक, म्हणजे अन्नात घातलेल्या रसायनांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक, बघा. प्रिझर्व्हेटिव्हचे क्रमांक साधारण 200 ते 299 मध्ये येतात. फ्राइजवर 450 दिसला तर तो फॉस्फेट आहे, बटाटा काळपट पडू नये म्हणून घातलेला. हिरव्या रंगाची शंका असेल तर मूठभर मटार काचेच्या ग्लासात पाणी घालून अर्धा तास ठेवा. दाण्याचा स्वतःचा हिरवा रंग पाण्यात उतरत नाही. पाणी स्पष्ट हिरवं झालं तर पाकीट परत करा.

थंडीत जिवाणू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. युरोपात 2015 ते 2018 या काळात गोठवलेल्या मक्यातून लिस्टेरिया या जिवाणूची साथ पसरली. पाच देशांत 47 जण आजारी पडले, नऊ दगावले. माग हंगेरीतल्या एका कारखान्यापर्यंत गेला आणि ब्रिटनमधल्या कित्येक सुपरमार्केटांना स्वतःच्या लेबलची पाकिटं परत मागवावी लागली. तेव्हा लेबल कुणाचंही असो, मक्याचे दाणे किंवा मटार नुसते सैल करून कोशिंबिरीत, चाटमध्ये टाकू नका. उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं काढाच. घरात गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर यात अजिबात सूट नाही.

फ्राइज. यात बटाट्याची जात महत्त्वाची. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने चिप्स-फ्राइजसाठी कुफ्री चिप्सोना, कुफ्री फ्रायसोना अशा जाती काढल्या, कारण त्यांत पाणी कमी आणि साखर कमी. भाजीचा बटाटा पाणचट, आणि फार थंड ठेवला तर गोड होतो. अशा बटाट्याचे फ्राइज तळताना टोकांना करपतात आणि आत ओलसर राहतात. पाकिटात आखूड तुकडे खूप असतील आणि टोकं काळी पडत असतील तर दोष मालाचा, तिथे तुमची तक्रार रास्त आहे. पण फ्राइज सगळेच एकसारखे फिके आणि लिबलिबीत झाले असतील तर दोष तेलाचा. एक लिटर तेलाला एका वेळी 150 ते 200 ग्रॅम, त्याहून जास्त नाही. तेल 175 ते 180 अंशांवर हवं. बर्फाळ तुकडे पडताच ते खाली येतं, आणि जास्त माल टाकला तर वर यायला इतका वेळ लागतो की तोवर फ्राइज तेल पितात. आधी बाहेर काढून सैल करणं ही दुसरी चूक, पृष्ठभाग ओला होतो. थेट फ्रीझरमधून कढईत, तीन-चार मिनिटं, झाऱ्याने जाळीवर. डब्यात झाकून ठेवले की वाफेनेच मऊ पडतात.

पराठ्यावर मी फार शब्द खर्च करत नाही. दुकानाच्या लेबलमध्ये वाचतात ते पैसे बहुधा स्निग्ध पदार्थावर वाचवलेले असतात आणि पदर सुटत नाहीत, म्हणून मी तो घ्या असं म्हणणार नाही. तुमचा चिवट झाला तो मंद आचेवर वाळल्याने असावा. सैल न करता मध्यम तापलेल्या तव्यावर टाका, एक बाजू मिनिटभर, उलटून उलथन्याने हलकं दाबा, तीन-चार मिनिटांत उतरवा आणि गरम असतानाच दोन्ही हातांनी कडेने चुरगाळा.

कोळंबीच्या बाबतीत तुमच्याशी पूर्ण सहमत. कोळंबीवर बर्फाचा पातळ थर मुद्दाम चढवतात, ती वाळू नये म्हणून. हा थर धरून वजन सांगणं ही लबाडी. निव्वळ वजन बर्फाशिवायचंच हवं. मोजायचं कसं? कोळंबी चाळणीत घेऊन गार पाण्यात बुडवा, बोटाला बर्फाचा खरखरीतपणा लागेनासा झाला की लगेच बाहेर. आतून ती गोठलेलीच राहायला हवी. चाळणी तिरपी धरून दोन मिनिटं निथळू द्या आणि वजन करा. 250 ग्रॅमच्या पाकिटातून 200 निघाले तर पाकीट आणि बिलाचा फोटो काढून ठेवा, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा वैध मापन खात्याकडे तक्रार करा. घटकांत 451 असेल तर ते पाणी धरून ठेवणारं फॉस्फेट. अशी कोळंबी थेट मसाल्यात टाकलीत तर सगळं पाणी कालवणात उतरतं. आधी तापलेल्या कोरड्या कढईत मिनिटभर परतून पाणी आटवा.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नाही, पण तक्रारींपैकी निदान एक तिथून आलेली असू शकते: दुकानाचा फ्रीझर. पाकीट हातात घेऊन हलवा. दाणे खुळखुळले तर ठीक. गिच्च गोळा झाला असेल किंवा आत बर्फाचा भुगा साचला असेल तर माल एकदा सैल होऊन पुन्हा गोठलेला आहे. काठोकाठ रचलेल्या फ्रीझरमधलं वरचं पाकीट घेऊ नका, मे महिन्यात तर नाहीच.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, उघडलेलं पाकीट किती दिवस चालतं. ते फ्रीझरच्या कप्प्यावरच्या ताऱ्यांवर आहे. दारावरचे वीजबचतीचे तारे वेगळे, ते सोडा. कप्प्यावर एक तारा असेल तर तापमान उणे 6, माल आठवडाभर. दोन असतील तर उणे 12, महिनाभर. तीन असतील तर उणे 18, तीन महिने. उघडलेल्या पाकिटाला याहून कमीच धरा, हवा दाबून काढा, तोंड गुंडाळून रबर लावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, मागच्या बाजूला ठेवा. दिवसभर वीज गेली आणि मटार मऊ पडले पण थंडगार आहेत, तर त्याच संध्याकाळी उसळ करून टाका. कोळंबी तशी झाली असेल तर हात लावून बघा: बर्फाचे कण शिल्लक असतील तर लगेच शिजवा, कोमट लागली तर टाकून द्या.