उशीर लागतो, पण दोष 'सगळीकडे चालण्या'चा नाही

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडच्या प्रोग्रामरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'जे सगळीकडे चालतं ते उशिराच उघडतं. जावा सोडा, प्रत्येक सिस्टिमसाठी वेगळं नेटिव्ह लिहा.' जावा म्हणजे एकदा लिहिलेला प्रोग्राम कुठल्याही सिस्टिमवर चालवणारी भाषा; नेटिव्ह म्हणजे थेट एकाच सिस्टिमसाठी तयार केलेली फाइल. मेसेजखाली कारणंही दिलीत.

'व्हर्च्युअल मशीन (जावाचा कोड चालवणारा मधला प्रोग्राम) उठायलाच कित्येक सेकंद जातात.' साफ चूक. जेडीके (जावाचा मूळ संच) 24 मध्ये उघडणं वेगवान करणारी सुधारणा आली, तिच्या प्रस्तावातच आकडे आहेत. जेडीके 23 वर एक चिमुकला प्रोग्राम 0.031 सेकंदात आटोपतो. स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कचा (तयार सांगाड्याचा) नमुना प्रोग्राम पेटक्लिनिक मात्र 4.486 सेकंद घेतो, कारण उघडतानाच तो सुमारे 21,000 क्लास (कोडचे तुकडे) लोड करतो. हे ओझं फ्रेमवर्कचं. बिल फाडलं जातं जावाच्या नावावर.

'पोर्टेबल (सगळीकडे चालणाऱ्या) कोडला ही मेहनत दर वेळी नव्याने करावी लागते.' का करावी? जेडीके 24 मध्ये एकदा चाचणीपुरतं चालवून लोड झालेल्या क्लासेसची कॅश (पुढच्या वेळेसाठीचा तयार साठा) बनवता येते. तोच पेटक्लिनिक मग 2.604 सेकंदांत उठतो, कोडला हात न लावता. आणि खिशातला फोन बघा ना! अँड्रॉइड 5 पासून, म्हणजे 2014 पासून, अ‍ॅप इन्स्टॉल होतानाच त्या फोनच्या प्रोसेसरसाठी कंपाइल होऊ लागलं, म्हणजे त्याच्या भाषेत उतरू लागलं. अपडेटनंतर 'ऑप्टिमायझिंग' म्हणत ताटकळत ठेवणारा पडदा आठवतो? तो त्याचाच. 2016 च्या अँड्रॉइड 7 ने ते काम वापर बघून, फोन चार्जिंगला रिकामा असताना उरकायला सुरुवात केली.

'नेटिव्ह केलं की सगळंच वेगवान.' उघडणं, हो. ग्रालव्हीएम हे जावाच्या कोडची नेटिव्ह फाइल बनवणारं साधन, त्याची फाइल चटकन उठते. पण विंडोजची फाइल वेगळी, लिनक्सची वेगळी, आणि रिफ्लेक्शन (चालता चालता प्रोग्रामने स्वतःचेच क्लास नावाने शोधणं) कुठे वापरलंय ते आधीच सांगून ठेवायचं. शिवाय महिनोन्‌महिने चालणाऱ्या सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीनमधला जेआयटी (चालू असतानाच कंपाइल करणारा भाग) प्रत्यक्ष वापर बघून कोड घासतो, तिथे तोच अनेकदा पुढे निघतो.

तक्रार मात्र अगदीच खोटी नाही. लातूरच्या अडतीवर ऐन सोयाबीनच्या हंगामात लाइट गेली, संगणक पुन्हा सुरू केला आणि शेतकरी पट्टीसाठी खोळंबला, तर चार सेकंदही टोचतात. तिथे नेटिव्ह फाइल द्याच. फक्त त्यासाठी 'वेगळं लिहा' कशाला? गो ही भाषा एकाच लॅपटॉपवरून विंडोज आणि लिनक्स दोन्हींच्या फाइली काढून देते, मूळ कोड एकच ठेवून.