हो की नाही

आज लायसन्स रिन्यू करायला गेले होते. चाळिशी उलटली की डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, म्हणून आरटीओच्या बाहेरच्या टपरीवजा खोलीत शिरले. साहेबांनी मान वर न करता सही ठोकली. ना बीपी, ना डोळे. दोनशे रुपये, पुढचा!

आणि फॉर्म नंबर एकवर तोच प्रश्न: अपस्मार आहे का, म्हणजे फिट येतात का, अचानक शुद्ध हरपते का? एजंट म्हणाला, "मॅडम, सगळीकडे 'नाही' मारा."

माझ्या धाकट्या भावाने वीस वर्षांपूर्वी तिथे 'हो' लिहिलं. ठसठशीत अक्षरात. गाढव कुठला! खिडकीतूनच फॉर्म परत. शेवटची फिट कधी आली, झोपेत येते की जागेपणी, गोळ्या कोणत्या, कुणी विचारलं नाही.

ब्रिटनमध्ये वर्षभर फिट आली नाही तर साधारणपणे कार चालवू देतात. ट्रक-बसला मात्र गोळ्यांशिवाय दहा वर्षं. म्हणजे माणूसही बघतात, गाडीही. आपल्याकडे नुसती टिकमार्क. खरं बोलणारा लोकलला लटकतो आणि खोटं बोलणारा खिशात गोळ्या घेऊन वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर. तो मग डॉक्टरपासूनही परवाचा झटका लपवतो. झाला का रस्ता सुरक्षित?

हां, माहितीये काय म्हणाल. रस्त्यात कुणाचं तरी पोर असतं. मान्य. मी पाहिलंय ना. गणपतीत पंगतीला वाढताना भावाची नजर थांबली. मी हाका मारतेय, तो माझ्याकडेच बघतोय, आणि तो तिथे नाहीच. मग वरणाचं भांडं पडलं. त्या वेळी स्टीअरिंगवर असता तर? तेव्हा 'हो' लिहिलं ते बरंच केलं त्याने.

पण त्यालाही आता अकरा वर्षं झाली. एक फिट नाही. रात्री नऊची गोळी चुकवत नाही, जेवण चुकवेल. हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाच्या अटींमधून अपस्मार १९९९ सालीच काढला. संसाराची गाडी चालवायला हरकत नाही, वॅगनारची आहे!

गावी जाताना तो माझ्या डावीकडे बसतो. "ताई, थर्ड टाक, पुढे वळण आहे." आणि वळण असतंच. मी चिडते, पण टाकते.

मघाशी त्याचाच मेसेज आला. "झालं का? या वेळी फोटोत डोळे उघडे आहेत ना?"