"माह्यासंग बोलाले काय होते तुमाले?"

कार्तिकातला काकडा सुरू होता तेव्हाची गोष्ट. पहाटे पाचला देवळात टाळ वाजवत उभा, डोळ्याला धारा लागल्या, मन असं हलकं झालं का विचारू नका, अन घरी येऊन चहा थंडा म्हणून बायकोवर खेकसलो. तिला कापूस वेचायला जायचं होतं, डबा बांधत होती. एवढंच बोलली, "देवापाशी रडता, माह्यासंग बोलाले काय होते तुमाले?" दुपट्टा डोक्याला बांधला अन गेली.

दिवसभर वावरात तेच डोक्यात. मग संत गुलाबराव महाराज आठवले, आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजारजवळच्या माधानचे (१८८१ ते १९१५). नऊ महिन्याचे असतानाच दृष्टी गेली. घरी बायको, संसार सगळं असून हा माणूस स्वतःला कृष्णाची पत्नी मानायचा, कुंकू लावायचा, मंगळसूत्र घालायचा, तेही त्या काळात! मधुराद्वैत म्हणतात त्यांच्या विचाराला, पंडित लोकं त्यावर लय मोठं मोठं बोलतात, ते आपल्याच्यानं होत नाही बाप्पा. मले एवढंच दिसलं का हा पुरुष वाट पाहणारीच्या जागी जाऊन उभा राहिला. मी कधी राहिलो? रात्री ओलीत करून बारा वाजता आलो तरी ताट झाकून ती जागी. अन ती माहेरी गेली तं माझा फोन कशासाठी, चाबी कुठी ठेवली म्हणून.

पती परमेश्वर म्हणता म्हणता आपण देव होऊन बसलो न, नुसतं नैवेद्य खायचं काम. पण खऱ्या देवाचं तरी तसं कुठं आहे? आपल्या कौंडण्यपूरची रुक्मिणी रुसून निघून गेली तं कृष्ण तिच्यामागं पंढरपूरपर्यंत गेला असं कथेत सांगतात, अन आजही तिचं देऊळ तिथं वेगळंच आहे.

तर त्या दिवशी संध्याकाळी ठरवून ओट्यावर बसलो, मोबाईल आत ठेवला. सहा वाजले, साडेसहा, वेचणीवाल्या बायकांचा ऑटो येईना. आधी भूक लागली, मग राग आला का एवढा उशीर कशाला, मग सात वाजता पोटात भीतीचा गोळा, अन तेव्हा समजलं का माझा निम्मा राग म्हणजे भीतीच असते, अन ती मी तिला एकदाही सांगितली नाही. भजनात "मी पामर" म्हणायला सोपं जातं हो.

ऑटो आला. मले ओट्यावर पाहून ती घाबरलीच, "काहून बसले असे? म्हैस सुटली का?"