मालिश, रिपोर्ट आणि थकवा: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. थकव्यासाठी ऑस्टिओपॅथी, म्हणजे हातांनी स्नायू-सांधे दाबून-हलवून केलेले उपचार, यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ही निव्वळ महागडी मालिश आहे, बरं वाटतं ते तासभर आडवं पडल्यामुळे, आणि माझ्यासारखे लोक थकलेल्या माणसाला रक्त तपासायचं सोडून हात फिरवून घ्यायला पाठवतात. वर भाच्याचं उदाहरण: पीथमपूरला कारखान्यात पाळ्या, सतत थकवा, दहा सिटिंगचं पॅकेज, पैसे आगाऊ.

रक्ताच्या बाबतीत आपलं भांडणच नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, पुरुषांतही 25 टक्के. हिमोग्लोबिन नऊवर असलेल्या बाईची पाठ कितीही दाबा, जिना चढताना ती धापा टाकणारच. थायरॉइड, साखर आणि आपल्या शाकाहारी घरांत बी-12 पाहिल्याशिवाय कुणाच्याही टेबलावर झोपू नये. हे लेखात दुसऱ्याच परिच्छेदात होतं. तुम्ही बहुधा शीर्षकावरच तापलात!

पण सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि माणूस तरीही गळून गेलेला असेल, तर? इंदूरमधल्या विजयनगरच्या ऑफिसांत अमेरिकेच्या घड्याळावर काम करणारे कितीतरी जण ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढं ऐकून घरी येतात. लेख त्यांच्यासाठी होता.

मी ज्यांच्याकडे गेले त्या बाई मूळच्या फिजिओथेरपिस्ट. पहिल्या भेटीत बराच वेळ त्यांनी हातच लावला नाही. उठल्यावर ताजं वाटतं का? घोरता का? (हे मला नाही, नवऱ्याला विचारलं.) झोपेत दात आवळता का? थकवा लगेच येतो की जरा जास्त काम झालं की दुसऱ्या दिवशी आदळतो? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा, कारण असं वारंवार होत असेल तर ते निराळं दुखणं असू शकतं आणि तिथे आधी डॉक्टरच हवा. मग बरगड्यांच्या खालच्या कडेला बोटं टेकवून श्वास पूर्ण सोडायला सांगितला. म्हणाल्या, ‘खांदे खाली घ्या.’ मला वाटत होतं, खालीच आहेत. त्यांनी दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवले तेव्हा कळलं की ते कानांजवळ गेलेत. त्या रात्री झोप लागली. थकवा गेला, असं मी तेव्हाही लिहिलं नव्हतं, आजही म्हणणार नाही.

पुराव्याचं म्हणाल तर तुमची बाजू तुमच्यापेक्षा मीच भक्कम मांडते. फ्रान्समधल्या 400 कंबरदुखीच्या रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल 2021 मध्ये आला. निम्म्यांना खरे उपचार, निम्म्यांना नुसता हलका स्पर्श. तीन महिन्यांनी हालचालीत फरक दिसला, पण इतका किरकोळ की रोजच्या जगण्यात तो जाणवेल का, हीच शंका. हे कंबरेचं झालं, जिथे या उपचारांचा त्यातल्या त्यात बरा अभ्यास झालाय. थकव्यावरच्या चाचण्या छोट्या आहेत, आणि रुग्णाला कळू न देता खोटे उपचार करणं इथे मुळातच अवघड. कवटीची हाडं हळुवार हलवून थकवा घालवतो म्हणणाऱ्यांवर तर माझा काडीचा विश्वास नाही.

मग उरतं काय? मान-पाठ आखडलेली, त्यामुळे झोप तुटलेली, त्यामुळे दिवस जड: या साखळीतली एक कडी हातांनी सैल होऊ शकते. एवढंच. ते काम तुमच्या ओळखीच्या मालिशवाल्याकडून होत असेल तर खुशाल त्याच्याकडे जा. वर सांगितलेले प्रश्न मात्र तो विचारणार नाही.

भाच्याचं सांगते. पॅकेजचे उरलेले पैसे परत मागा. दोन-तीन भेटींत फरक नाही तर दहाव्यातही पडायचा नाही, असं माझं मत. मानेला झटका देऊन ‘कट’ आवाज काढत असतील तर तो प्रकार आधी बंद करा. क्वचित का होईना, त्याने मानेतली रक्तवाहिनी फाटते आणि पक्षाघात होऊ शकतो. आणि सूनबाईंना विचारा, तो घोरताना मध्येच श्वास थांबतो का. ‘हो’ म्हणाल्या तर आधी झोपेची तपासणी करून घ्या, पाठ नंतर बघू.